इमली भिया

७ जुलै २०२५, सोमवार
आजपासून रोजनिशी. मराठीतून. धारच्या आमच्या सरकारी हायस्कूलमध्ये माझ्याखेरीज मराठी वाचणारं कोणी नाही, आणि आमची मुलगी कृतिका हिंदी शाळेत शिकलेली, दोन ओळींत तिचं डोकं दुखतं. म्हणजे एकदम सेफ.

बायकोची, म्हणजे बकुळाची, जूनमध्ये देवासला बदली झाली. ती गणिताची मॅडम. सरकारी नोकरी म्हटली की बदली आलीच, त्यात कोणाचा दोष नाही. परत धारला येण्याचा अर्ज तिने जाता जाताच टाकला असणार. मी विचारलं नाही. विश्वास म्हणून एक गोष्ट असते. दिवाळीपर्यंत येते.

संकल्प: पहाटे ग्राउंडला चकरा. मी पीटीआय, म्हणजे खेळाचा मास्तर आहे, पोट शोभत नाही. चहात साखर बंद. बकुळाला रोज फोन, आणि फोनवर कमी बोलणे. (हा शेवटचा कृतिकाचा सल्ला. तिला वाटतं मी फार बोलतो.)

८ जुलै
गुडघा दुखेल असं वाटलं म्हणून उठलो नाही. दिवसभर दुखला नाही. म्हणजे निर्णय बरोबर होता.

संध्याकाळी बकुळाला फोन. मुलींच्या खो-खो टीमची सगळी परिस्थिती सविस्तर सांगितली. ती म्हणाली, बरं, आणखी काही? म्हणून आणखी सांगितलं.

१६ जुलै
मोठी बातमी. देवासच्या एका ट्रस्टने ऑक्टोबरात मुलींची खो-खो स्पर्धा ठेवली आहे आणि आमच्या शाळेला निमंत्रण आहे. देवास! याला योग म्हणतात. माझी टीम बकुळाच्या गावात कप उचलणार, बकुळा बघणार, आणि पुढचं आपोआप होईल.

एक अट: प्रत्येक शाळेने आपला मॅस्कॉट आणायचा. म्हणजे टीमचं चिन्ह, आत माणूस घालून मैदानात नाचवायचं. प्राचार्य विक्रमसिंह सरांनी हॉलमध्ये मुलांना विचारलं. मी वाघ सुचवला. शितोळ्यांचं घराणं, दरबारातली माणसं आम्ही, दुसरं काय सुचणार. सर म्हणाले, शितोळेजी, वाघ सगळेच आणतील.

मग टीमची कॅप्टन शिवांगी उभी राहिली. नालछ्याची मुलगी, मांडूच्या रस्त्यावरची. म्हणाली, सर, मांडू की इमली.

हॉल हसून लोळला. मांडूची इमली म्हणजे आपली साधी चिंच नव्हे. ते पोट सुटलेल्या झाडाचं नारळाएवढं लव असलेलं फळ, मांडूत रस्त्याच्या कडेला ढीग मांडून विकतात ते. फोडलं की आत पांढरा आंबट भुगा. मी स्पष्ट विरोध केला. फळ कधी जिंकतं का? हात वर करायला सांगितले. वाघाला दोन हात. एक माझा, दुसरा मुलगा आळस देत होता.

१७ जुलै
शांतपणे विचार केला. गेल्या वर्षी टीमला मांडूच्या सहलीला कोणी नेलं? मी. म्हणजे मूळ कल्पना माझीच. बकुळाला फोनवर तसं सांगितलं. नावही सुचवलं, श्रीमंत इमलीराव. ती म्हणाली, बरं.

५ ऑगस्ट
बसस्टँडमागच्या गादीवाल्याकडून पोशाख आला. फोमचा, वर हिरवट मखमली पडद्याचं कापड. डोळ्यांना भोकं ठेवायची राहिली, म्हणून तोंडाच्या फटीतून बघायचं. आत अकरावीचा मनन उभा राहिला. ग्राउंडवर आणला तर शिपाई म्हणाला, वा, कोहळा. अंजू मॅडमना फणस वाटला, म्हणाल्या, कटहल आहे का? टीमची मॅनेजरच ही असं म्हणते.

मुलांनी "श्रीमंत इमलीराव" एकदाही म्हटलं नाही. "इमली भिया, इमली भिया" करत मागे धावले. हरकत नाही. भिया म्हणजे भाऊ, लोकांची भाषा असते.

साखर बंदच आहे. गुळाचा चहा चालतो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडावंदन. मनन उन्हात घेरी येऊन पडला. मी तेव्हा सावलीत पाहुण्यांशी बोलत होतो. इमली आडवी, पाय वर. त्याची आई आली आणि सगळ्यांसमोर मला जे बोलली ते इथे लिहीत नाही. मुलगा आता ठीक आहे, ग्लुकोज पिऊन हसत होता. पण आता दुसरा कोणी आत जायला तयार नाही.

कृतिका इंदूरहून आली होती. तिला सांगितलं की मननची आई उगाच तापली, मी तिथे असून तरी काय करणार होतो? कृतिका म्हणाली, पप्पा, यही आपने मम्मी के ऑपरेशन पे बोला था.

मागच्या फेब्रुवारीची गोष्ट. इंदूरला गर्भाशयाचं ऑपरेशन होतं, आणि मला अलीराजपूरला कबड्डीची टीम न्यायची होती. डॉक्टर होते, नर्स होत्या, कृतिका होती. मी फोन केला होता. बकुळा तेव्हा काही बोललीसुद्धा नाही. बोलली असती तर गेलो असतो.

१८ ऑगस्ट
ठरवलं. इमलीच्या आत मी. नेता स्वतः पुढे असतो. विक्रमसिंह सरांनी एकच अट घातली, मॅस्कॉट बोलणार नाही. मी म्हटलं, सर, त्यात काय. सर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

२२ ऑगस्ट
चार दिवस झाले. आत गरम होतं, वास येतो, नाक खाजवता येत नाही. पण बाहेर चमत्कार आहे. सहावीची पोरं हात धरतात. एकीने मला टिफिनमधला पराठा दाखवला, फक्त दाखवायला. शिवांगी खो घेताना पडली, रडू आलं तर सरळ येऊन माझ्या मखमलीत डोकं खुपसून उभी राहिली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत असं झालं नव्हतं.

मग इमलीचं डोकं काढून मी तिला पडण्याचं कारण समजावलं. ती ताठ उभी राहून "जी सर" म्हणाली आणि गेली.

यावरून सिद्ध होतं की मुलांचं माझ्यावर फार प्रेम आहे.

३१ ऑगस्ट, रविवार
आज महालक्ष्म्या येण्याचा दिवस. आमच्याकडे उभ्या महालक्ष्म्या असतात, आजीपासूनचे पितळी मुखवटे. बकुळा काल येईल असं वाटलं होतं, आली नाही. शाळेत काम असेल. म्हटलं, आपणच तयारी करून ठेवू, ती दुपारी येईल तेव्हा थक्क होईल. चौरंग धुतला. साड्या काढल्या. शेजारच्या काकूंना पुरणाचं सांगून ठेवलं.

पेटी उघडली. मुखवटे नाहीत.

जूनमध्ये सामान नेलं तेव्हाच नेले असणार. पॉलिशला. देवासमध्ये पितळेचं काम चांगलं होतं असं ऐकलं आहे.

१ सप्टेंबर
कृतिकाने फोटो पाठवला. देवासचं घर, दोन खोल्या, कोपऱ्यात महालक्ष्म्या उभ्या, नव्या साड्या, पुढे फराळाची ताटं. बकुळा बाजूला बसलेली आहे. बरी दिसते. जरा सुटली आहे.

काकूंनी पुरणपोळ्या आणून दिल्या. आठ. सगळ्या खाल्ल्या. साखर बंदचा संकल्प आजपुरता स्थगित, पुरणात गूळच असतो.

चौरंग उचलला नाही अजून.

१९ सप्टेंबर
टीम एकदम फिट. शिवांगी खांबावर झेप घेते तेव्हा बघतच राहावं. मी रोज अर्धा तास भाषण देतो. मग इमलीत जाऊन अर्धा तास नाचतो. अंजू मॅडमचं मत आहे की क्रम उलटा करावा आणि भाषण वेळ उरला तर द्यावं.

बकुळाला फोन कमी केला आहे. स्ट्रॅटेजी. ती उचलत नव्हती असं नाही, दोन-तीनदा उचलला नाही इतकंच.

४ ऑक्टोबर
प्लॅन पक्का. अकरा तारखेला स्पर्धा. बकुळाच्या शाळेचीही टीम आहे, म्हणजे ती मैदानात असणारच. फायनल जिंकलो की मधोमध जायचं, इमलीचं डोकं काढायचं, घामाने भिजलेला चेहरा, टाळ्या. मग तिच्याकडे जायचं आणि म्हणायचं, बकुळा, चल घरी. पुढचं भाषण पाठ केलं आहे. पाच मिनिटांचं होतं, तीनवर आणलं आहे.

ड्राय क्लीनला सफारी दिली.

११ ऑक्टोबर, शनिवार
हरलो. उद्या लिहितो.

१२ ऑक्टोबर, रविवार
सकाळी बसने निघालो. इमली आत मावेना म्हणून टपावर बांधली. इंदूरला चहाला थांबलो तर एकाने विचारलं, भिया, ये कद्दू बिकाऊ है क्या? मुली हसून बेजार. मीही हसलो. छान निघालो होतो.

देवासचं मैदान टेकडीच्या बाजूला. चार वाघ होते, एक गरुड, एक कसलासा घोडा. आणि आम्ही. पहिला सामना मुलींनी एक डाव राखून जिंकला. काय खेळल्या! अख्खं मैदान "इमली भिया" ओरडत होतं. दुसऱ्या गावची पोरंसुद्धा. एक वाघ कोणी विचारेना म्हणून डोकं काढून बसला होता.

जेवणाची सुट्टी झाली. मला त्या पोशाखात बसता येत नाही, म्हणून शामियान्याच्या खांबाला टेकून उभा राहिलो. पुढचा सामना बकुळाच्याच शाळेशी होता. मी तोंडाच्या फटीतून तिला शोधत होतो. आणि ती माझ्याकडेच आली.

सोबत त्यांच्या शाळेच्या सुभद्रा मॅडम होत्या. बकुळाने केस कापले आहेत, मानेपर्यंत. ती माझ्यासमोर उभी राहिली, मला वरून खालपर्यंत बघितलं आणि हसायला लागली. नुसतं स्मित नाही. पोटावर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सुभद्रा मॅडमना म्हणाली, अरे ये तो हमारे मांडू की इमली है! किसने सोचा होगा! मग माझ्या मखमलीवर हात फिरवला, इथे छातीच्या जवळ, आणि पुन्हा हसली.

मी तिला असं हसताना कधी बघितलं ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

तिला वाटलं आत कोणी मुलगा आहे. म्हणाली, बेटा, गर्मी नहीं लगती? पानी पिया? मी मान हलवली, म्हणजे अख्खी इमली हलवली. ती जाऊन शिकंजीचा ग्लास घेऊन आली, स्ट्रॉ फटीतून आत घातली आणि माझं पिऊन होईपर्यंत ग्लास धरून उभी राहिली. सावकाश, म्हणाली. ठसका लागेल. हे मराठीत म्हणाली, सवयीने. मुलांशी ती अशीच बोलत असेल. मला माहीत नाही. तिच्या शाळेत मी कधी गेलोच नाही.

मग तिने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, बेटा, तुम्हारे शितोळे सर आए हैं क्या?

हाच तो क्षण होता. डोकं काढायचं, एवढंच. हात वर गेले होते माझे.

पण तिचा चेहरा बघितला. हसू गेलं होतं. खांदे वर आले होते, पदर घट्ट धरला होता. ऑपरेशनहून घरी आली तेव्हा मी बोलत होतो आणि ती पलंगावर अशीच बसली होती. मला तेव्हा वाटलं होतं टाके दुखत असतील.

मी इमली डावी-उजवीकडे हलवली. नाही.

ती म्हणाली, अच्छा. आणि खाली बसली. तिथेच, माझ्या पायाशी, सतरंजीवर. चपला काढल्या, पाय लांब केले, डबा उघडला. सुभद्रा मॅडमना म्हणाली, चलो, अब आराम से खाते हैं. मग दोघी जेवल्या. भुट्ट्याचा कीस होता, वास येत होता. बोलत होत्या. टोमॅटोचे भाव, नववीतली कोणी मुलगी, जिला गणितात पैकीच्या पैकी मिळाले. बकुळा मध्येच वळून मला म्हणाली, बेटा, खाओगे? मी नाही म्हटलं. म्हणजे हलवलं. ती जेवण होईपर्यंत माझ्या पायाला पाठ टेकून बसली होती. मी हललो नाही. गुडघा फार दुखत होता. हललो नाही.

सामना दोन गुणांनी गेला. शिवांगी शेवटच्या मिनिटाला खांबाशी घसरली. ती मैदानातून सरळ माझ्याकडे आली आणि मिठी मारली. आत कोण आहे हे तिला माहीत आहे, तरी म्हणाली, हार गए, इमली भिया. कुठे चुकलं ते मला स्पष्ट दिसलं होतं, पाऊल आधी वळवायला हवं होतं. पण मॅस्कॉट बोलत नाही. मी नुसता धरून उभा राहिलो. बराच वेळ रडली, मग स्वतःच म्हणाली, पाँव पहले मोड़ना था.

बकुळा तिच्या मुली जिंकल्या म्हणून टाळ्या वाजवत होती. मग आमच्याकडे आली, शिवांगीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, बहुत अच्छा खेली तू. माझ्या अंगावरही एक थाप मारली. गेटबाहेर गेली आणि स्कूटीवर बसून निघून गेली. बकुळाला स्कूटी येते? मला कोणी सांगितलं नाही. कदाचित सांगितलं असेल.

डोकं बसमध्ये शिरताना काढलं. अंजू मॅडमनी माझा चेहरा बघून पाण्याची बाटली दिली. त्यांना वाटलं हरल्यामुळे.

१३ ऑक्टोबर
सकारात्मक मुद्दे: टीम अनुभव घेऊन आली. बकुळा तब्येतीने ठणठणीत आहे. ती माझ्यावर नाराज नाही, फक्त

पुढचं सुचत नाही. उद्या लिहितो.

१५ ऑक्टोबर
शाळेत गेलो. विक्रमसिंह सर म्हणाले, इमली आता कायम ठेवू, सगळ्या जिल्ह्यात नाव झालं आहे, पुढच्या वर्षीही तुम्हीच ना? मी म्हटलं, बघू. मी बघू कधी म्हणत नाही.

कृतिकाचा फोन. दिवाळीला ती देवासला जाणार आहे. मला विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, जा. ती म्हणाली, पप्पा, आप ठीक हो? म्हटलं, हो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
आज बकुळाने फोन केला. स्वतःहून. मी ग्राउंडवर होतो, पायरीवर बसलो.

म्हणाली, अहो, दिवाळीच्या आधी बोलून घ्यावं म्हटलं. तुम्ही सगळ्यांना सांगता म्हणे की मी दिवाळीत परत येणार, काकूंचा फोन आला होता. मी धारसाठी अर्ज केलेला नाही. देवासचा केला होता, तो मीच केला होता, मागच्या वर्षी. तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. तुम्ही टीमचं सांगत होता.

ती म्हणाली, ऐकताय ना?

म्हटलं, ऐकतोय.

मग म्हणाली, तुम्ही वाईट नाही हो. तुम्ही कधी हात उचलला नाही, दारू नाही, सगळं खरं. पण मला तिथे घरात असून नसल्यासारखं व्हायचं. इथे बरं वाटतं. मी आता येणार नाही. रागाने नाही म्हणत.

माझ्याकडे भाषण होतं. तीन मिनिटांचं, पाठ. शनिवारी मैदानात तुझ्या पाठीमागे कोण उभं होतं, हे सांगता आलं असतं. तोंड उघडलं होतं. मग तो ग्लास धरून उभी असलेली ती डोळ्यांसमोर आली, आणि वाटलं की तेवढं तरी तिचं तिच्याकडे राहू द्यावं. त्या दुपारी ती खुश होती.

मी विचारलं, झोप लागते का तिथे?

मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, हो, लागते. आणि बोलायला लागली. खिडकी पूर्वेला आहे. घरमालकीण चांगली आहे, पण वरचा पंखा आवाज करतो. शाळेतली ती नववीची मुलगी, तिला शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायला लावणार आहे. स्कूटी सुभद्रा मॅडमनी शिकवली, दोनदा पडली, एकदा कचोरीवाल्याच्या गाडीवर. हे सांगताना हसली. त्या दिवसाएवढी नाही, पण हसली. डाव्या कुशीवर झोपलं की टाक्यांची जागा अजून ओढते. ते मला माहीत नव्हतं.

मी मध्ये एक शब्द बोललो नाही. ग्राउंडवर मुली दोरी गुंडाळत होत्या.

मग तिकडे कुकरची शिट्टी झाली. ती म्हणाली, ठेवते हं, आणि ठेवला.